आवाजाचं बटण आमच्याकडेच राहू द्या : हार्ड रॉक बँडांना खान्देशातून खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात हार्ड रॉक वाजवणारे, त्याचं रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारे सगळे

दोस्तांनो,

अल्बमची तयारी चालली असेल तर हे पत्र मास्टरिंगला, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या हाताला, फाइल पाठवायच्या आधी वाचा. नंतर वाचून उपयोग नाही. आमची मुख्य तक्रार ज्याबद्दल आहे ते, म्हणजे गाणं मोठं वाजावं म्हणून आवाज चेपून टाकणं, एकदा झालं की परत फिरवता येत नाही.

आम्ही जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे ऐकणारे. इकडे रॉकचा स्टेज शो म्हणजे दुर्मीळ वस्तू. मुंबई-पुणेकरांना बँड समोर उभा दिसतो, आमच्यासाठी अल्बम हाच शो. त्यामुळे नवा अल्बम आला की आम्ही तो वीस-वीस वेळा ऐकतो, इअरफोनवर, घरच्या टू पॉइंट वन सेटवर, आणि मग त्यावरून भांडतो. गेल्या काही वर्षांतले मोठ्या बँडांचे अल्बम असे घोटून झाल्यावर एकच गोष्ट पुन्हापुन्हा टोचत राहिली. गाणी वाईट नाहीत, वाजवणारे तर नाहीतच, पण आवाज लाटण्याखाली घालून सपाट केलेला आहे. आणि हीच खोड आता आपल्याकडच्या पोरांच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरते आहे.

या रोगाचा सगळ्यात गाजलेला नमुना २००८ सालचा. मेटॅलिका या अमेरिकी बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, त्याच सुमारास तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्येही आली. गेममधली गाणी सीडीपेक्षा कितीतरी मोकळी वाजत होती. चाहत्यांनी दोन्हींचे आलेख कॉम्प्युटरवर शेजारीशेजारी ठेवले. गेमच्या आलेखात ड्रमच्या प्रत्येक ठोक्याचा सुळका वेगळा उभा होता, सीडीच्या आलेखात नुसती वीट. हजारो लोकांनी पुन्हा मिक्स करा, म्हणजे वाद्यांचे आवाज नव्याने जुळवा, म्हणून अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचं म्हणणं असं की मिक्स त्यांच्या हाती आलं तेव्हाच चेपलेलं होतं. हे नीट लक्षात घ्या. पाप मास्टरिंगच्या टेबलावर होतं असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा ते आधीच्या खोलीत, मिक्सच्या मुख्य चॅनेलवर टाकलेल्या लिमिटरने, म्हणजे आवाजाचे सुळके ठराविक उंचीवर दाबणाऱ्या यंत्रणेने, झालेलं असतं.

तेव्हा निदान एक कारण तरी होतं. दोन सीडी एकामागोमाग लावल्या की मोठी वाजणारी भारी वाटायची. आता ते कारणही उरलेलं नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगवर प्रत्येक गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) आणून वाजवतं. यूट्यूबही त्याच्याच आसपास खाली ओढतं, अ‍ॅपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ धरतं. म्हणजे तुम्ही रक्त आटवून उणे ७ चं मास्टर केलंत की ते ७ डीबी (डेसिबल) खाली खेचलं जाणार. शेजारी कुणी उणे ११ चं मास्टर ठेवलं असेल तर ते फक्त ३ डीबी खाली येईल. कानाला दोन्ही सारखीच मोठी लागतात. फरक इतकाच, की उणे ११ वाल्याचा स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) अजून उसळी मारतो आणि तुमचा स्नेअर गिटारच्या पाठीमागे पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा वाजतो. उसळी विकलीत आणि बदल्यात काही मिळालं नाही.

आमच्याकडे लग्नाच्या मिरवणुकीत डीजेची भिंत येते ना, तसं आहे हे. छातीत धडधड होते, पण गाणं कोणतं चाललंय ते पाच मिनिटं कळत नाही. त्याच रस्त्यावर पितळी बँडवाला क्लॅरिनेटवर एक तान घेतो आणि गच्चीवरची माणसं खाली वाकून बघतात.

तर आकडे. हार्ड रॉकसाठी पूर्ण गाण्याची सरासरी उणे १० ते उणे ११ एलयूएफएस पुरे. सगळ्यात मोठ्या कोरसमध्येसुद्धा लिमिटरची सुई २-३ डीबीपेक्षा जास्त हलू नये. हलत असेल तर लिमिटरशी झटू नका, मिक्समध्ये परत जा, तिथे काहीतरी उगाच मोठं आहे, बहुतेक वेळा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) किंवा बास गिटारची एखादी नोट. ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच खरा सुळका, उणे १ डीबीवर थांबवा, कारण एमपी३ किंवा एएसीमध्ये रूपांतर होताना सुळके मूळ उंचीच्या थोडे वर जातात आणि शून्याला टेकवलेलं मास्टर तिथे फाटतं. मास्टरिंगला फाइल द्याल ती २४ बिट वेव्ह, ज्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) रेकॉर्ड केलं त्याच रेटची, मुख्य चॅनेलवर लिमिटर नसलेली, सर्वोच्च सुळका उणे ६ ते उणे ३ डीबीच्या दरम्यान. एमपी३ पाठवणाऱ्याला काय म्हणावं ते आम्ही इथे लिहीत नाही.

दोन मास्टरची तुलना करताना त्यांची पातळी आधी सारखी करा. १ डीबीने मोठं असलेलं कुठलंही गाणं कानाला चांगलंच वाटतं, त्यात इंजिनिअरचं कौशल्य नसतं. मोठं मास्टर खाली ओढून मग ऐका. दहातल्या नऊ वेळा तुम्हीच म्हणाल, लिमिटर काढा.

आता अल्बमांबद्दल, कारण नुसते आकडे सांगून कुणी सुधारत नाही.

एसी/डीसीचा 'पॉवर अप', नोव्हेंबर २०२०. त्यांचा गिटारवाला मॅल्कम यंग २०१७ मध्ये गेला, पण त्याने आणि भाऊ अँगसने आधी साठवून ठेवलेल्या रिफवरच (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांवरच) हा अल्बम उभा आहे. १२ गाणी, जेमतेम ४१ मिनिटं. नवं काय आहे विचाराल तर काही नाही, आणि तेच बरोबर आहे. तुम्ही यात ऐकायची ती गिटार नव्हे, दोन कॉर्डच्या मधली जागा. कॉर्ड वाजते, हाताने बंद होते, आणि त्या रिकाम्या अर्ध्या ठोक्यात ड्रमर फिल रडचा स्नेअर पडतो. ती जागा रिकामी आहे म्हणून कॉर्ड जड वाटते. आपली पोरं ती जागा भरून टाकतात, कुणी लीडचा तुकडा टाकतं, कुणी झांज. भो, रिकामी जागा ही गाण्यातली वस्तू आहे, तिच्यावर गोडाऊन बांधू नका.

ज्युडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', मार्च २०२४. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा आणि गळा असा की विशीतल्यांनी घरी जाऊन झोपावं. दोन लीड गिटार एकमेकींना धरून चालतात ते प्रकरण इतकं सुबक अलीकडे कुणी केलेलं नाही. पण अँडी स्नीपच्या निर्मितीतला तो घट्ट, चकचकीत ड्रमचा आवाज आम्हाला सलग ५० मिनिटं झेपत नाही. प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा. गाणी दमदार आहेत म्हणून अल्बम निभावतो. तुमची गाणी तेवढी दमदार होईपर्यंत ही नक्कल करू नका.

याच्या उलट डीप पर्पलचा जुलै २०२४ चा '=१'. बॉब एझ्रिनची निर्मिती, गिटारवर स्टीव्ह मोर्सच्या जागी आलेला सायमन मॅकब्राइड. ऐकायचा तो ड्रमर इयन पेस, १९६८ पासून बँडमध्ये सलग असलेला एकटाच माणूस. त्याचा हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) कधी दबका, कधी उघडा, स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मधले बारीक ठोके ऐकू येतात. ते बारीक ठोके लिमिटर सगळ्यात आधी बिघडवतो. मोठा ठोका खाली दाबला जातो, बारीक वर येतो, दोघांतलं अंतर संपतं आणि ताल लंगडा होतो. आमच्या मते गेल्या काही वर्षांत ड्रमरने शिकण्यासाठी यापेक्षा चांगला अल्बम नाही, मग गाणी आवडोत न आवडोत.

मेटॅलिकाच्या 'सेव्हन्टी टू सीझन्स'बद्दल, एप्रिल २०२३, आमच्यात मारामारी आहे. १२ गाणी, ७७ मिनिटं. एका गटाचं म्हणणं, शेवटचं ११ मिनिटांचं 'इनॅमोराटा' एकटंच पैसे वसूल करतं, कारण त्यात मध्ये सगळं थांबतं आणि बास एकटा बोलतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, तिथवर पोचायला तासाभराची तंगडतोड कशाला. दोन्ही खरं आहे. वीस मिनिटं कापली असती तर हा अल्बम चिरकाल टिकला असता. आयर्न मेडनचा २०२१ चा 'सेन्जुत्सू' तर ८० मिनिटांच्याही वर गेला. तबकडीच्या काळात एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की आवाज बारीक व्हायचा, म्हणून अल्बम आपोआप ४०-४५ मिनिटांत आवरायचा. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' ४२ मिनिटांचा आहे. आता आवरणारं कुणी नाही, तर स्वतः आवरा. ८-९ गाणी, ४० मिनिटं. गाण्यांची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर बीपीएम (मिनिटाला किती ठोके), सूर आणि लांबी मांडा. सलग तीन गाणी ११८ ते १२६ च्या दरम्यान एकाच सुरात आली की चौथ्याला ऐकणारा मोबाइल बघायला लागतो. क्लिकवर (कानात चालणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर) वाजवत असाल तर कडव्याला १२० आणि कोरसला १२२-१२३ असा टेम्पो मॅप घाला. कुणाला कळणार नाही, पण कोरस पुढे झुकतो.

ही सगळी परदेशी मंडळी झाली, त्यांच्याकडे पैसा आहे, असं म्हणाल. गिरीश अँड द क्रॉनिकल्स हा बँड गंगटोकचा. २०२२ चा त्यांचा 'हेल टू द हीरोज' ऐका. महानगर लागत नाही, गळा आणि रिफ लागतो.

आता तुमच्या खोलीत येतो. गिटारबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिली चूक गेनची, म्हणजे अँपमध्ये गिटारचा सिग्नल किती फुगवायचा त्याची. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटवणं) हेच मुळात एक प्रकारचं कॉम्प्रेशन (मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करणं) आहे. गेन वाढवला की तारेवरचा पिकचा आघात आणि नंतरचा गुंजारव यांतलं अंतर कमी होतं, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून मारलेला ठोका) 'चग्' वाजायच्या ऐवजी 'भर्र' वाजतो. स्टेजवर एकटी गिटार असते तेव्हा हे खपतं. रेकॉर्डिंगमध्ये तीच ओळ दोनदा वाजवून डावी-उजवीकडे लावता, तिथे दोन्हींचा भर्र एकत्र होऊन गोधडी होते. स्टेजवर जिथे गेन ठेवता त्यापेक्षा एक तृतीयांश कमी ठेवा. एकटी ऐकताना बारीक वाटेल, दोन्ही लावल्यावर जड होईल. मॅल्कम यंगचा आवाज जाड तारा आणि कमी गेनचा होता, आणि त्याच्याएवढं जड कोण वाजवतं?

दुसरी, एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे लावणं. असं केल्याने रुंदी येत नाही, तीच मोनो गिटार मध्यभागी मोठी होते. प्रत्यक्ष दोनदा वाजवा, जमल्यास दुसऱ्यांदा दुसरी गिटार किंवा दुसरा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक). चार-चार थर चढवायचे तर प्रत्येक थर काट्यावर बसला पाहिजे, नाहीतर दोनच बरे.

तिसरी चूक माइकची. स्पीकरसमोर एसएम५७ माइक लावताना कोनच्या मधोमध धरला तर आवाज टोचरा येतो, अंगठाभर कडेला सरकवा, कर्कशपणा जातो. इक्वलायझरवर अर्धा तास घालवण्याऐवजी हे आधी करा. दुसरा माइक लांब लावणार असाल तर अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दुसरा माइक पहिल्यापेक्षा तेवढा मागे असेल आणि दोन्ही सारख्याच पातळीवर मिसळलेत तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारून टाकतो, तसाच १५०० चा. गिटारचं सगळं मांस तिथेच असतं. एका चॅनेलची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका, ज्या स्थितीत खालचा भाग भरीव वाटेल ती ठेवा. दोन्ही पोकळ वाटल्या तर दुसरा माइक बंद करा. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी उलटायला तर हमखास विसरलं जातं आणि मग स्नेअर बारीक का येतो म्हणून नवीन सॅम्पल शोधत बसतात.

बास. मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. तुमची किक ५५-६५ च्या आसपास. मोबाइलच्या स्पीकरमधून ३०० च्या खालचं जवळजवळ काही येत नाही, आणि आमच्यासारखे निम्मे लोक पहिल्यांदा तिथेच ऐकतात. म्हणून बासचा ट्रॅक दोन करा. एकावर २०० हर्ट्झच्या खालचं स्वच्छ ठेवा, दुसऱ्यावर वरचं ठेवून त्यावर डिस्टॉर्शन घाला म्हणजे ७०० ते १००० च्या पट्ट्यात बासची बोटं ऐकू येतील. गिटारला ८०-९० च्या खाली कापा. एकटी गिटार ऐकून कापू नका, बास चालू ठेवून कापा.

खोली. दहा बाय दहाची खोली सगळ्यांची असते आणि ती रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने तो दुप्पट घुमतो. म्हणजे नेमका किकवर. खोलीच्या अगदी मध्यावर बसून मिक्स केलंत तर तोच ५६ तिथे गायब असतो, तुम्ही किक वाढवत नेता आणि आमच्या घरी सबवूफर टेबलावरून चालायला लागतो. भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फुटांवर. अंड्यांचे ट्रे काढून फेका, ते फक्त वरची चुरचुर खातात. आपल्याकडे कापूस आहे. गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या गाद्या भरून घ्या आणि भिंतीपासून चार इंच सोडून टांगा. ही मागची पोकळी महत्त्वाची, तिच्यामुळे तीच गादी साधारण ४०० हर्ट्झपर्यंत खाली काम करते. ५६ तिने जाणार नाही, त्यासाठी मिक्स दोन-तीन वेगळ्या ठिकाणी ऐकणं हाच उपाय.

एक जोडवाद्य. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने ढोल मेटलमध्ये घातला आणि जगभर वाजवला, मग आता प्रत्येकाला लोकवाद्य हवंय. जरूर घ्या, पण जागा करून. ताशाची काडी आणि गिटारच्या पिकची धार एकाच पट्ट्यात येतात, साधारण २ ते ५ हजार हर्ट्झ. ताशा आला की गिटार तिथे ३ डीबी खाली घ्या. संबळ घेणार असाल तर दोन्ही तोंडांना वेगळे माइक लावा आणि जाड तोंडाचा आवाज किकवर चढवू नका, दोघांपैकी एकालाच ठोका द्या. नुसता सजावटीला सुरुवातीचे आठ ठोके संबळ आणि मग पूर्ण गाणं विसरून जाणं, हे लग्नाच्या पत्रिकेवरच्या गणपतीसारखं होतं.

राहिले शब्द. इथे इंग्रजी अल्बमांची नक्कल सगळ्यात जास्त घात करते. इंग्रजीत एकाक्षरी ठोक्याचे शब्द पुष्कळ, मराठीत ओळ 'आहे', 'होते', 'केले' अशा क्रियापदावर संपते आणि कोरस शेवटी गळून पडतो. क्रियापद आधी घ्या नाहीतर गाळा. ओळीच्या शेवटी असा शब्द हवा ज्यात दीर्घ स्वर आहे आणि तो व्यंजनावर बंद होतो: आग, राख, धार, वाट, घाव. गायक स्वर हवा तितका ताणतो आणि गिटार जिथे बंद होते तिथेच व्यंजन मिटवतो. 'दगड', 'नजर' अशा शब्दांवर लांब सूर धरला की 'दगडऽऽ' होतं, जो स्वर बोलताना नसतोच तो ओढला जातो आणि गाणं भावगीताकडे घसरतं. उंच सुराला आ, ए, ओ ठेवा, इ आणि उ वर गळा आवळतो. ख, ठ, ढ, भ हे तर आपले फुकटचे ड्रम आहेत, ते ठोक्यावर बसवा.

अहिराणीकडे एकदा या कानाने बघा. 'आहे'च्या जागी 'शे'. एक अक्षर, दीर्घ, संपलं. बहिणाबाईंनी लेवा बोलीत ओव्या रचल्या त्यांतही शब्द आखूड आणि लय जात्याची, म्हणजे सरळ चार ठोक्यांत बसणारी. यूट्यूबवर अहिराणी गाणी दणकून चालतात, त्यांच्या चालींवर तुम्ही नाकं मुरडता, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्या: शब्द पहिल्या ऐकण्यात कळतात. तुमचा गायक गिटारच्या खाली पुरलेला असतो. कोरसमध्ये आवाज इतका वर हवा की अनोळखी माणसाला मोबाइलवर एकदा ऐकून ओळ लिहून काढता यावी. तसा माणूस धरून आणा आणि खरंच लिहून घ्या. चुकलेला शब्द दिसला की तेवढाच १-२ डीबी उचला, पूर्ण ट्रॅक नको.

अल्बम तयार झाला की स्ट्रीमिंगला मास्टर द्याल ते द्या, पण बँडकँपसारख्या ठिकाणी, जिथे बँड थेट ऐकणाऱ्याला गाणी विकतात, लिमिटर न लावलेली दुसरी आवृत्तीही विकायला ठेवा. आम्ही पैसे देऊन घेऊ.

तुमचे,
खान्देशातले रॉकवेडे

ता. क. इकडे वाजवायला आलात आणि ते मे महिन्यात असेल, तर गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना आत किती होतं ते हात घालून बघा, ब्रिजचा डिंक सुटतो. कोरड्या हवेने लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात. तारा तापल्या की ढिल्या पडून सूर उतरतो, गार हॉलमध्ये आल्या की चढतो, म्हणून गिटार अर्धा तास आधी हॉलमध्ये उघडी ठेवा आणि मगच सुरात घ्या. हॉलचं अर्थिंग टेस्टर लावून स्वतः तपासा. अँपमधून घूं असा आवाज येतो म्हणून थ्री-पिनची मोठी पिन मोडू नका. घूं जाईल, पण बिघाड झालेल्या अँपचा करंट तारांमध्ये उतरतो आणि गाताना ओठ माइकला लागले की तो तुमच्यातून जातो.